पश्चिमेच्या खिडक्या

दत्तोपंतांनी कणकुंबीचं खोरं पाहिलं ते वैशाखात, तेही छत्रीखाली खुर्ची टाकून. तेवढ्यावर या गृहस्थांनी नदीकाठच्या निसर्ग अभ्यासगृहाचा नकाशा काढला. बेळगावात त्यांच्या नकाशांचा फार बोलबाला होता म्हणे. असेलही.

रवळू तिथला जंगल गार्ड. पानाफुलांचं वेड असलेल्या गोऱ्या साहेबासाठी अकरा वर्षं रान तुडवून त्यानं फुलं कागदात दाबून सुकवली होती आणि सगळी गाठोडी आपल्या घरी, चुलीवरच्या माळ्यावर धुरात राखली होती. आता ती या नव्या घरात जायची होती, लांबलांबचे लोक ती पाहायला यायचे होते. पोरीच्या लग्नाची नसेल एवढी त्याला त्या गाठोड्यांची काळजी.

नकाशा पाहून त्याला हसूच फुटलं. संग्रहाची खोली थेट पश्चिमेला, तिला पाच मोठ्या खिडक्या. आणि स्वयंपाकघर पार पलीकडं, पाहुण्यांच्या नाकात धूर जाऊ नये म्हणून!

"पंत, पश्चिमेला आमी गोठ्याला बी भोक ठेवत न्हाय. चार म्हयनं झड आत येतीया. कागूद चुलीजवळ ठेवा."

"तू पानं गोळा कर. हे शास्त्र आहे," पंत म्हणाले. "खिडकीतून नदी दिसली पाहिजे."

शास्त्र! पाऊस कुठल्या बाजूनं झोडपतो हे ठाऊक नाही, आणि म्हणे शास्त्र. रवळू मनातल्या मनात थुंकला. पण साहेबाचा हुकूम होता. पुढच्या वैशाखात घर उभं राहिलं, तेव्हा त्यानं गाठोडी स्वतःच्या डोक्यावरून नेऊन कपाटांत लावली.

श्रावणात साहेब आला. खिडकीतून नदी छान दिसत होती. कपाटं उघडली तर आत बुरशीचा लगदा आणि कुबट वास. एक पान ओळखू येईना.

दत्तोपंतांनी नाकाला रुमाल लावला. "यानं ओलीच दाबली असणार, साहेब. अडाणी माणूस."

हा माणूस उचलून नदीत भिरकावावा, असं रवळूला वाटलं. साहेब हळहळला. रवळूच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "पुन्हा आणशील ना सगळी?"

"आणीन की. अकरा वर्सं जातील, जाऊ देत. पर त्यातली सात जातीची फुलं ह्या एकाच कातळावर यायची, साहेब. दुसरीकडं कुटंच न्हाईत." रवळूनं टाचेनं फरशी ठोकली. "पंतांनी जोत्यासाठी सुरुंग लावून कातळ उडीवला, तवा फुलं कागदात हायती म्हणून मी गप बसलो. नकाशा धरून मीच हुबा हुतो."