चप्पल घालून घेतलेली शपथ

रोहण्याच्या डोमाजीला उद्या वर्ध्याच्या कोर्टात साक्ष द्यायची होती, आणि ताटातली भाकर जागची हलली नव्हती. पुढाऱ्याच्या पदरी नोकरी करणाऱ्याच्या घरात असा दिवस कधी ना कधी उगवतोच. वाचकहो, साहेबासाठी, भाऊंसाठी, पक्षासाठी आपण किती वेळा खोटं बोललो, ते ज्याचं त्याने आठवावं.

डोमाजी कित्येक वर्षं बंडूजींची गाडी चालवत होता. बंडूजी जिल्हा परिषदेचे माजी सभापती, पुन्हा उभे राहायच्या तयारीत. वर्ध्याजवळच्या नालवाडीत रक्षा नावाची नर्स एकटी राहायची. तिच्याकडे बंडूजींचं जाणं-येणं होतं. दोघंही जाणती, जे होतं ते आपखुशीने होतं. गाडी नेणारा डोमाजीच. तो बाहेर ओसरीत बसायचा आणि रक्षा त्याचं ताट वाढून तिथे आणून द्यायची, "दादा, जेवून घ्या" म्हणायची. पुढे कुजबुज वाढली. दवाखान्यातल्या वरिष्ठांनी विचारलं, तेव्हा तिने खरं ते सांगून टाकलं. निवडणूक वर्षभरावर आलेली. बंडूजींनी उलट तिच्यावरच बदनामीचा खटला भरला. या बाईला मी ओळखतही नाही, म्हणाले. चोर तो चोर, वर शिरजोर!

डोमाजीने एवढंच म्हणायचं होतं, की गाडी नालवाडीला कधी गेलीच नाही. पण त्याची जीभ अडत होती. रोहण्यातली जुनी माणसं शपथ घेताना पायातली वहाण काढतात. अनवाणी पायांनी बोललेलं खोटं लेकराबाळांना भोवतं, असा समज. बंडूजी याच मातीतले, त्यांना हे ठाऊक होतं. त्यांनीच तोड काढून दिली होती.

"पायात चप्पल असली का शपथ लागत नाई, डोमाजी. कोर्टात कोनी काढाले सांगत नाई. बिनधास्त बोलजो."

डोमाजीने ही युक्ती बायकोला सांगितली. देवकाबाई चुलीपुढून उठून त्याच्यासमोर येऊन बसली.

"त्यायचं अन् त्या बाईचं काय होतं, ते त्यायच्या घरचं," ती म्हणाली. "त्यात मले बोलाचं नाई. पन तुमी उद्या तिले खोटी ठरवाले जाऊन राह्यले. ते घरचं नाई. ते साऱ्यायचं हाय."

खाल्ल्या मिठाला जागावं लागतं, असं डोमाजी पुटपुटला.

"अन् तिच्या ताटात मीठ नोतं काय?"

डोमाजीने ताट बाजूला सारलं. तरी सकाळी तो गेला.

बंडूजी चकचकीत बूट घालून साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभे राहिले. ईश्वराला स्मरून खरं सांगेन म्हणाले आणि त्याच दमात, या बाईला मी कधी पाहिलेलं नाही, असंही म्हणाले. आवाज जराही कापला नाही. मग डोमाजीची पाळी आली. चप्पल पायात होती. गाडी नालवाडीला कधीच गेली नाही, असं तो सांगून मोकळा झाला.

रक्षा रडली नाही. तिने आधी डोमाजीच्या पायांकडे पाहिलं, मग बंडूजींच्या बुटांकडे. तेव्हा डोमाजीला एक संध्याकाळ आठवली. तिच्या पायरीवर उभं राहून बंडूजींनी शपथ घेतली होती, की तुझ्या नावाला कधी बट्टा लागू देणार नाही. आत येऊन बोला, असं ती म्हणत होती. घाई आहे, म्हणून त्यांनी बूट काढले नव्हते. आणि मंचावरून गावाला दिलेली सारी वचनं? तीही बुटांतच!

आता तरी खरं सांगावं म्हणून त्याने तोंड उघडलं, पण तोवर पुढच्या साक्षीदाराचा पुकारा झाला होता. तो खाली उतरला.

रक्षा दोषी ठरली. नोकरी गेली. नालवाडीच्या खोलीला कुलूप लागलं.

खटला जिंकल्याबद्दल रोहण्यात बंडूजींचा सत्कार झाला. हारतुरे, गुलाल, फटाके. डोमाजी चप्पल काढून पारावर चढला आणि म्हणाला, "नालवाडीले गाडी मीच नेत होतो. कोर्टात मी खोटं बोललो."

वाजणारा बँड थांबला. मग तोंडातला सुपारी-तंबाखूचा खर्रा एका गालात सारून गावचे लक्ष्मणराव पाटील म्हणाले, "त्यात नवीन काय सांगून राह्यला, बा? साऱ्या गावाले माहीत होतं."

लोक हसले. बंडूजीही हसले. बँड पुन्हा वाजू लागला.

डोमाजीला वाटलं होतं, लोक दगड मारतील, नाहीतर शरमतील. हसतील असं त्याच्या स्वप्नातही नव्हतं. सारं गाव जाणत होतं, आणि एकालाही वर्ध्याला जाऊन तसं सांगावंसं वाटलं नव्हतं! चप्पल हातात घेऊनच तो पारावरून उतरला.

दुसऱ्या दिवशी तो देवकाबाईला घेऊन रक्षाच्या वकिलाकडे गेला. अपील करता येईल, वकील म्हणाले, पण खोट्या साक्षीची शिक्षा तुम्हाला होईल. डोमाजीने दाराबाहेर चप्पल काढली आणि जबाब लिहून दिला. रक्षा कुणाचा फोन घेत नाही. तिला हे कळलं की नाही, कुणालाच ठाऊक नाही.

मंडळी, पुढाऱ्याच्या घरात डोकावायचा हक्क आपल्याला नाही. पण तो शपथेवर खोटं बोलला हे जाणूनही आपण हसलो, तर ती खोटी शपथ आपलीही होते. बंडूजी मोठ्या मताधिक्याने निवडून आले. त्या दिवशी मतदानाच्या रांगेत आपण सगळे चपला घालूनच उभे होतो.