दोन बोटं कमी

मी एक काठी बोलतेय. दचकू नका. आयुष्य माणसांच्या मुठीत गेलं, तेव्हा बोलायला उसंत नव्हती. आता दाराआड उभी असते, वेळच वेळ आहे. लोक मुलांना म्हातारपणाची काठी म्हणतात. काठीला विचारून म्हणत नाहीत. मी खरीखुरी काठी, आणि माझी गाठ अशा म्हाताऱ्याशी पडली की ज्याला लाकडाची काठीही नको होती आणि लेकराचीही नको होती.

मूळची मी नदीकाठच्या एका झाडाची फांदी. झाडाचं नाव मला ठाऊक नाही. झाडं एकमेकांना नावाने हाक मारत नाहीत. वादळात मोडून पडले आणि मिस्त्रींनी मला उचलून घरी नेलं. मिस्त्री म्हणजे या खोऱ्यातले सुतार. त्यांनी मला सावलीत सुकवलं, सोललं, पॉलिश कागदाने घासलं, तेल पाजलं. खाली रबराचं बूच बसवलं. मुठीच्या जागी पटाशीने अंगठा टेकायला एक खळगा कोरला. कोरताना मधूनमधून स्वतःचाच अंगठा त्यात ठेवून बघत होते. उंचीचंही तसंच. टेप खुंटीला लटकत होती, पण तिला हात कोण लावतो! मला स्वतःच्या पायाशी उभं केलं, मनगटापाशी खूण केली आणि कापलं. माझ्या आधीच्या आणि नंतरच्या सगळ्या काठ्या याच मापाने झाल्या. मिस्त्री ताडमाड उंच, म्हणून आम्हीही उंच.

आमच्या खोऱ्यात लोक चालायला येतात. वरच्या बसथांब्यापासून खालच्या पुलापर्यंत नदीच्या कडेकडेने पायवाट जाते. थांब्यावरच्या पाटीवर ‘सोपी वाट’ असं लिहिलंय आणि ती सोपीच आहे. उतार इतका हलका की पाण्यालासुद्धा घाई नसते. वाटेत एक लाकडी फाटक, गुरांचं कुरण, एका ओढ्यात पाय टाकायला ठेवलेले दगड, मग नदीचं मोठं वळण आणि पूल. वळणावर पाणी हिरवं दिसतं आणि पलीकडच्या टेकडीची सावली त्यात पडते.

पाटीशेजारी एक पिंप आहे, त्यात आम्ही काठ्या. चालायच्या आधी वर काठी घ्यायची, चालून झालं की खाली चहाच्या टपरीजवळच्या पिंपात टाकायची. बसचा ड्रायव्हर आमची मोळी बांधून पुन्हा वर आणतो. काठी घरी न्यायची नाही, हा नियम मिस्त्रींनीच घातलेला.

मी नाना तऱ्हेचे हात पाहिले. पिंपातून काठी उचलताना माणूस आधी आजूबाजूला बघतो, कुणी बघत नाही ना म्हणून. ‘काय ही शांतता!’ असं म्हणतो आणि मग पुलापर्यंत अखंड बोलत राहतो. तरुण मंडळी मला गवतावर सपासप चालवतात. एक नवरा-बायको नेहमी एकच काठी घेत आणि ती कुणी धरायची यावर वळणापर्यंत भांडत. बुटकी माणसं मात्र कुरकुरत, नाकापेक्षा मोती जड म्हणत. मिस्त्री थांब्यावरचा बाक ठोकत बसलेले असले की हसून म्हणायचे, “घ्या, घ्या! तिसरा पाय घ्या!” त्यांनी स्वतः कधी काठी घेतली नाही.

मग एक दिवस स्वतःच्याच कामाच्या खोलीत, रंध्याने काढलेल्या ढलप्यांवर त्यांचा पाय घसरला आणि खुब्याचं हाड मोडलं. ते बरेच दिवस दिसले नाहीत. शहरात पोस्टाच्या खिडकीवर काम करणारी त्यांची मुलगी रजा काढून आली, हे टपरीवाल्या मावशींच्या बोलण्यातून कळलं. बाई रजा संपवून एकटी परत जाणार नाही, बापाला घेऊनच जाणार, हेही त्याच बोलण्यातून कळलं.

एका सकाळी दवाखान्यातून परतताना दोघं बसमधून वरच्या थांब्यावर उतरली. मिस्त्री बारीक झाले होते. एक हात कमरेवर, दुसरा बसच्या दांडीवरून सुटायला तयार नाही. मुलगी ठेंगणी, आईवर गेलेली असावी.

“पुन्हा एकदा सांगते बाबा,” ती म्हणाली, “पुलापर्यंत नीट चाललात तर मी एकटी जाते. नाही जमलं तर उद्याच्या गाडीने तुम्ही माझ्याबरोबर. कुरकूर नाही करायची.”

“आणि तुझा हात धरायचा नाही. कळलं. बहिरा नाही झालोय.”

“खोली तयार करून ठेवलीय तुमच्यासाठी. ऊन येतं छान. वाऱ्याने दार आपटतं, तेवढंच.”

“बिजागऱ्या ढिल्या असतील,” मिस्त्री म्हणाले आणि चालू लागले.

“काठी तरी घ्या!”

“काठ्या मी लोकांसाठी केल्यात.”

सुंभ जळला तरी पीळ जात नाही, ते असं. मुलीने एक सुस्कारा सोडला, पिंपात हात घातला आणि हाताला लागलेली मला ओढून काढलं. “मग मीच घेते. माझी टाच दुखतेय.” टाच दुखत नव्हती. चालणाऱ्याचं काय दुखतं ते काठीला आधी कळतं.

फाटकापर्यंत ठीक होतं. कुरणात मिस्त्री दर थोड्या अंतरावर थांबून गाई बघू लागले. त्या गाई त्यांनी जन्मभर पाहिल्या होत्या. मुलगीही शेजारी थांबून बघायची. माझी मूठ तिच्या बरगड्यांपर्यंत येत होती, त्यामुळे हात वर धरून ती अवघडत चालत होती.

मिस्त्रींनी वळून पाहिलं. “झेंडा घेऊन निघालीस का गं?”

“तुमच्याच हातच्या आहेत ना? सगळ्या एका मापाच्या. लोक काय म्हणतात माहितीये? मिस्त्रींना जगात एकच माणूस दिसतो.”

“कोण म्हणतं?”

“आई म्हणायची.”

मिस्त्री पुढे चालू लागले.

ओढा आला. दगड ओले होते. पूर्वी मिस्त्री खांद्यावर फळी घेऊन यावरून जायचे. आता पहिल्या दगडासमोर ते उभे राहिले, एक पाय उचलला आणि पुन्हा खाली ठेवला. मुलीने हात पुढे केला नाही. करावासा वाटत होता, कारण तिने मला इतकं घट्ट आवळलं की दुसरं लाकूड असतं तर करकरलं असतं. बापाने हात धरला की ती जिंकणार होती, आणि तिला त्या घडीला जिंकायचं नव्हतं.

बऱ्याच वेळाने मिस्त्री म्हणाले, “दे ती काठी इकडे. बघू काय बिघडलंय.”

त्यांनी मला उलटंपालटं केलं, बूच दाबून पाहिलं, मग मुठीत धरलं. अंगठा खळग्यात जाऊन बसला. तो खळगा त्याच अंगठ्यासाठी कोरला होता. इतकी वर्षं परक्यांचे अंगठे त्यात कसेबसे सामावले होते. मला बरं वाटलं, लपवत नाही. पण कोपर जरा वर राहत होतं.

“ही वाढली का काय?” ते म्हणाले.

“लाकूड वाढत नाही बाबा. एकदा कापलं की आकसतंच. तुम्हीच सांगायचात.”

“मग उंच का लागतेय?”

मुलगी पाण्याकडे बघत राहिली. मिस्त्रींनी मला पुन्हा पायाशी उभं केलं, मनगटापाशी बघितलं. मी दोन बोटं वर होते. मी होते तेवढीच होते. त्यांना ते समजलं, कारण माप समजणारा माणूस होता. त्यांनी मला पहिल्या दगडावर टेकवलं आणि सारा भार माझ्यावर टाकला. मग दुसऱ्या दगडावर, मग तिसऱ्या. पलीकडे पोचल्यावर त्यांनी मला परत दिलं नाही आणि तिनेही मागितलं नाही.

पुलाजवळ मावशींनी चहा दिला. मिस्त्री बाकावर टेकले आणि स्वतःहूनच म्हणाले, “काठी घेतली होती मी.”

“काठीचं कुठे ठरलं होतं?” मुलगी म्हणाली. “हात धरायचा नाही, एवढंच ठरलं होतं. नाही धरलात.”

तिने गरम चहा एका घोटात संपवला. डोळ्यांत पाणी आलं. मावशी म्हणाल्या, “अगं, फुंकून पी.”

निघताना मिस्त्री पिंपापाशी आले. मी समजले, आता आत. त्यांनी मला अर्धं आत घातलं आणि पुन्हा काढलं.

“काय हो मिस्त्री,” मावशी म्हणाल्या, “काठी घरी न्यायची नाही म्हणे?”

“ही बिघडलीय. दुरुस्तीला नेतोय.”

घरी आल्यावर त्यांनी माझं बूच काढलं, खुंटीवरची टेप मागून घेतली आणि खरोखर मापून दोन बोटं कापली. करवत चालताना मुलगी दाराशी उभी होती. कापलेल्या तुकड्याची त्यांनी तिरकी पाचर केली, कानशीने घासली आणि तिच्या हातात दिली.

“त्या खोलीच्या दाराखाली लाव. आपटणार नाही.”

“खोली तशीच ठेवू म्हणता?”

“ऊन येतं म्हणालीस ना,” ते म्हणाले. “असू दे.”

दुसऱ्या दिवशी ती एकटी गेली.

तेव्हापासून मी इथे, दाराआड. सकाळी मिस्त्रींबरोबर फाटकापर्यंत जाते, कधी कुरणापर्यंत. ओढ्यापलीकडे आम्ही आता जात नाही. ड्रायव्हर अधूनमधून विचारतो, “मिस्त्री, ती काठी?” मिस्त्री सांगतात, “दुरुस्तीला आहे.” तो मान डोलावतो. सोप्या वाटेवरून तुम्ही कधी आलात तर पिंपातून खुशाल काठी घ्या. उंच वाटली तर मूठ सोडून खाली धरा, आणि खाली पोचलात की पिंपात टाका. माझ्यावरून शहाणपण शिकू नका.

रविवारी मुलीचा फोन येतो. जेवलात का, खुबा कसा आहे, असं सगळं झालं की मिस्त्री दर वेळी एकच विचारतात, “दार आपटतं का गं?”

“नाही बाबा,” ती सांगते, “उघडंच असतं.”

मग फोन ठेवून ते मला जवळ ओढतात आणि बराच वेळ अंगठा खळग्यात ठेवून बसतात. कुठे जायचं नसतं तरी.