तपासणी बाकी

लोकांच्या चुका काढायचा मला पगार मिळतो. खराडीतल्या एका कंपनीत मी टेस्टर आहे. दुसऱ्यांनी लिहिलेला प्रोग्रॅम चालवून बघायचा, कुठे अडतो ते शोधायचं आणि लिहिणाऱ्याच्या पदरात घालायचं. तेरा वर्षं हेच करते आहे आणि चांगलं करते. ऑफिसात पोरं मला टरकून असतात. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढे जे सांगणार आहे ते एवढंच आहे की मी एका सायकलची तपासणी केली नाही.

सायकल माझ्या वडिलांची. त्यांचं नाव कचरू, वय अडुसष्ट. हडपसरच्या एका इंजिन कारखान्यात ते सव्वीस वर्षं फिटर होते. मी आठवीत असताना कंपनीने नवी यंत्रं आणली आणि जुन्या माणसांना व्हीआरएस देऊन घरी बसवलं. इकडे कारखान्यांना माणसं नकोशी झाली आणि तिकडे कॉम्प्युटरवाल्यांना हवीशी. पप्पांनी मला तिकडे ढकललं. आई गेल्यापासून येरवड्याच्या घरात आम्ही दोघंच राहतो.

पप्पांची थोरली बहीण, म्हणजे माझी आत्या कांताबाई, मांजरीला एका खोलीत एकटी राहायची. एक्याऐंशी वर्षांची. पप्पा तीन वर्षांचे असताना त्यांची आई वारली. तेव्हापासून आत्याने त्यांना सांभाळलं. दुसऱ्यांच्या उसात खुरपायला जायची आणि भावाला शाळेत मारून मुटकून बसवायची. तिला मूलबाळ झालं नाही, नवराही लवकर गेला. म्हातारपणी कान पार गेले, त्यामुळे फोनचा उपयोग शून्य. फोनवर ती एकटीच बोलायची आणि "बरं, ठिवते" म्हणून ठेवून द्यायची. त्यांची भेट म्हणजे रविवारची भेट. येरवडा, कल्याणीनगर, मुंढवा, केशवनगर करत पप्पा सायकलने मांजरीला जायचे. ती त्यांना समोर बसवून डोक्याला तेल लावायची. त्या डोक्यावर लावण्याजोगे केस उरले नव्हते, पण हे तिला कोण सांगणार!

दिवाळीनंतर पप्पांचे गुडघे गेले. डॉक्टरांनी सांगितलं, चढावर पॅडल मारायचं नाही. मुंढव्याच्या पुलावर चढ. बसची पायरी त्यांच्या गुडघ्याला झेपेना. "मी नेईन की स्कूटरवरून, दर रविवारी," असं मी मोठ्या तोंडाने म्हटलं. पाच महिन्यांत तीनदा नेलं.

मग मनाला खायला लागलं म्हणून मी मोटरचं किट मागवलं. कुठल्याही सायकलला बसतं ते. पुढच्या चाकाच्या मध्यावर, हबच्या जागी, मोटर असते. कॅरिअरवर बॅटरी, हँडलला मुठीत फिरवायचा अॅक्सिलरेटर आणि ब्रेक दाबला की मोटर बंद करणारे नवे दांडे. खोकं उघडून पप्पांनी एकेक वस्तू टेबलावर मांडली आणि कारखान्यात जायचा जुना खाकी शर्ट घालून आले. मी हसले. ते हसले नाहीत.

पंधरा दिवस ते त्यात होते. त्यांच्या सायकलची रिंग जुनी, अठ्ठावीस नंबरची. तीच ठेवायची म्हणून मोटरला आखूड स्पोक लावून त्यांनी चाक स्वतः विणलं. छत्तीस स्पोक. एकेक नखाने वाजवून त्याचा आवाज ऐकायचे. मी कागदावरच्या इंग्रजी सूचना वाचून दाखवायची, तर दुसऱ्या वाक्याला म्हणायचे, "कळलं. चाक पुढं पळणार, तर आस उलटी फिराया बघणार. ती जागची हलली की चाक सायकलीच्या चिमट्यातनं बाहेर, आन मी रस्त्यावर." आस फिरू नये म्हणून किटमध्ये एक लोखंडी पट्टी दिली होती. ती त्यांनी हातात घेऊन पाहिली, "पत्रा हाय नुसता," म्हणाले आणि कानशीने घासून जाड पट्टी स्वतः तयार केली. ती आसेवर अशी बसली की मधे कागद शिरला नसता.

शेवटच्या दिवशी सायकल उचलून धरायला मला बोलावलं. त्यांनी मूठ फिरवली आणि चाक आवाज न करता गरगर फिरायला लागलं. पप्पा लहान मुलासारखे खुदकन हसले. आई गेल्यावर मी त्यांना तसं हसताना पाहिलं नव्हतं.

"झालं तर मग! या रविवारी मांजरी," मी म्हटलं.

"झालं कुठं? तपासणी ऱ्हायली की."

त्यांच्या कारखान्यातला नियम होता, फिटरने आपलं काम आपण पास करायचं नाही. ज्याने बसवलं त्याला आपली चूक दिसत नाही, म्हणून दुसऱ्याने बघायचं. ते बघणारे इन्स्पेक्टर काचेच्या खोलीत पांढरा कोट घालून बसायचे. त्या खोलीत आमच्या वस्तीतला माणूस बसलेला पप्पांनी सव्वीस वर्षांत पाहिला नाही. स्वतः कितीही बारीक काम केलं तरी पास करणारा हात दुसऱ्याचा. मात्र त्यांच्या हातचा एकही नग त्या खोलीतून परत आला नव्हता, हे ते वर्षातून दोनदा तरी ऐकवायचे.

"मी करते की तपासणी. माझं कामच ते," मी म्हटलं.

"म्हणून तर थांबलोय," पप्पा म्हणाले. त्यांनी वहीत चौदा कलमं लिहून ठेवली होती. आसेचे नट, पट्टी, स्पोक, वायरींचे जोड, ब्रेक. प्रत्येकापुढे एक रिकामी चौकट आणि खाली दोन ओळी. 'बसवणार' पुढे त्यांची सही झालेली. 'तपासणार' पुढे माझं पूर्ण नाव त्यांनीच घोटून लिहिलेलं, सही तेवढी बाकी.

अर्ध्या तासाचं काम होतं.

पहिल्या रविवारी आमच्या नव्या प्रोग्रॅमची रिलीज होती. माझा मॅनेजर अनिरुद्ध सकाळपासून फोनवर होता. मी लॅपटॉपवरून मान न उचलता म्हटलं, "पप्पा, पुढच्या रविवारी नक्की." पप्पांनी मांजरीला आत्याच्या शेजारणीला, सुंदराबाईंना, फोन लावला. त्या आत्याला खाणाखुणा करून निरोप कळवायच्या.

दुसऱ्या रविवारी टीमची मुळशीला सहल होती. कामही नव्हतं, सहल. पाण्यात पाय सोडून बसल्याचे फोटो आहेत माझे. तिसऱ्या रविवारी डोकं दुखत होतं, दुपारपर्यंत झोपून राहिले. उठले तेव्हा गॅलरीत सायकल पुसून उभी होती, शेजारी पाने ओळीने मांडलेले होते आणि पप्पा पेपर वाचत होते. बोलले असते तर मी भांडले असते, मला भांडायला आवडतं. ते बोलत नाहीत हीच तर पंचाईत.

चौथ्या रविवारी मीच वैतागले. "पप्पा, एवढं काय त्यात? तुम्ही बसवलंय म्हणजे बरोबरच असणार. द्या ती वही, सह्या करून टाकते. जा तुम्ही."

पप्पांनी वही पाठीमागे घेतली. लहान मुलं खाऊ लपवतात तशी. "न बघता सही? तिकडं बी असंच करतीस का?"

"तिकडे नाही करत."

"मग हितं का?"

मी चिडले. "तर मग रिक्षाने जा ना! मी सोडू का स्कूटरने? आत्ता? चला!" मी चावी घेऊन उभीसुद्धा राहिले, पण माझा तो आवाज ऐकून कोण येईल? ते म्हणाले, "ऱ्हाऊ दे. तुला सवड झाली की बघ. आक्का कुठं पळून चाललीया?"

गुरुवारी सकाळी सुंदराबाईंचा फोन आला. आत्या झोपेतच गेली होती.

आम्ही रिक्षाने गेलो. मुंढव्याचा पूल, केशवनगरच्या नव्या इमारती, सगळी वाट पप्पा बाहेर बघत होते. आत्याला पांढऱ्या चादरीवर ठेवलं होतं. कुणीतरी मेणबत्ती लावली, कुणीतरी त्रिशरण सुरू केलं. पप्पा तिच्या उशाशी बसले आणि तिच्या कपाळावरून, विरळ केसांवरून हात फिरवत राहिले. ते रडले नाहीत. मी रडले, आणि रडताना मला स्वतःची चीड येत होती, कारण चार बायका येऊन मला धरायला लागल्या, जसं काही माझंच काही गेलं होतं.

सुंदराबाईंनी मला चहा द्यायला बाजूला नेलं. म्हणाल्या, "लई कौतुक तुझं म्हातारीला. चार आयतवार दारात खुर्ची टाकून बसायची. मी म्हनायची, आक्का, न्हाय येत त्यो आज, आत चला. तर म्हनायची, येईल. त्याची सायकल पास व्हायचीया. माझी भाची पास करनारी सायबीण हाय, ती बघितल्याबिगर सोडायची न्हाय. समद्या आळीला सांगून झालं व्हतं तिचं. संध्याकाळ झाली की मग उठायची."

माझ्या हातातला कप मी खाली ठेवला. मला आजही त्या बाईंचा राग येतो. त्यांनी ते प्रेमाने सांगितलं होतं, तरी येतो.

जलदानविधी झाला. पुढच्या रविवारी सकाळी सहालाच उठून मी गॅलरीत गेले. फोन बंद करून कपाटात ठेवला. वही घेतली आणि तपासणी सुरू केली. कधी कुठल्या प्रोग्रॅमची केली नाही अशी केली. छत्तीसच्या छत्तीस स्पोक वाजवले. वायरींचा प्रत्येक जोड ओढून पाहिला. ब्रेक पन्नास वेळा दाबला, पन्नास वेळा मोटर बंद झाली. चाक फिरवून रिंगच्या कडेला पेन्सिल टेकवली, रेघ कुठे जाड नाही, कुठे बारीक नाही. पट्टी हलवून बघितली. पाना लावून आसेचे नट बघितले.

मला चूक हवी होती. एक सैल नट. एक उघडी वायर. काहीही, ज्यामुळे पप्पा मुंढव्याच्या पुलावर पडले असते. म्हणजे मग मला म्हणता आलं असतं की ते चार रविवार फुकट गेले नाहीत, त्या चार रविवारांनी माझ्या बापाचा जीव वाचवला. दीड तास मी त्या सायकलीत एक चूक शोधत होते. तिच्यात चूक नव्हती. पहिल्याच रविवारी अर्धा तास काढला असता तर ते दहापर्यंत मांजरीला पोचले असते. असे चार रविवार, चार वेळा तेल.

"काय निघालं?" पप्पा दारात उभे होते. किती वेळ उभे होते कोण जाणे.

आणि मी खोटं बोलले. तेरा वर्षांत कामात बोलले नाही ते बोलले. "उजवीकडचा आसेचा नट सैल होता, पप्पा. बराच सैल. गेला असतात तर चाकच निसटलं असतं."

पप्पा माझ्याकडे बघत राहिले. त्यांचा एकही नग कधी परत आला नव्हता. तो नट त्यांनी तीनदा आवळला होता, तिसऱ्यांदा माझ्यासमोर. माझ्या तोंडातून शब्द गेला आणि मला कळलं की मी माझं ओझं हलकं करायला त्यांच्या आयुष्यभराच्या कामावर फुली मारली. परत घ्यायला मी तोंड उघडलं.

"ऱ्हायला असंल सैल," ते म्हणाले. "हात थकलं आता माझं." गुडघ्यावर हात रोवून ते हळूहळू खाली बसले. "बरं झालं तू थांबवलंस मला. आक्कानं इचारलं असतं, तर तिला बी हेच सांगितलं असतं मी."

त्यांनी पाना घेतला, उजवीकडच्या नटाला लावला आणि दोन्ही हातांनी दाबला. नट केसभरही हलला नाही. त्यांनी पाना काढून पुन्हा लावला, पुन्हा दाबला.

"हां," पप्पा माझ्याकडे न बघता म्हणाले, "आता बसला."