उंबरठ्यापर्यंतचं सरकार

राज्यघटनेने सरकारला बजावलं होतं की कुणाच्या श्रद्धेत नाक खुपसायचं नाही आणि सगळ्या पंथांना सारखं वागवायचं. उरलं काय, तर मोजणं. म्हणून पंथनोंदणी कार्यालयाचा मोजणीदार वर्षातून एकदा प्रत्येक प्रार्थनाघराच्या उंबरठ्यावर उभा राही, आतली डोकी मोजी आणि परत येई. तीन भरली तर पंथ जिवंत. दोनच भरली तर पंथ कायद्याने वारला आणि जागा नगरपालिकेची.

गल्लीच्या टोकाच्या खोलीत यंदा दोनच डोकी होती, ऐंशी ओलांडलेल्या नणंद-भावजयांची. तिसरे, म्हणजे भावजयीचे यजमान, हिवाळ्यात गेले होते.

"पुन्हा मोजा," नणंद म्हणाली. "वहिनी बुटकी आहे, दिसली नसेल."

"वन्सं, निदान आज तरी गप्प बसा!"

"गप्प बसायलाच तर आलेय."

ते खरंच होतं. या पंथाची प्रार्थना म्हणजे तासभर गप्प बसणं. पन्नास वर्षं एका स्वयंपाकघरात भांडत आलेल्या या दोघींचा आठवड्यातला तह तेवढाच.

"ही जागा गेली," भावजय हळूच म्हणाली, "तर घरी नाही हो जमायचं आम्हाला."

मोजणीदाराने नियमपुस्तिका चाळली. तिसरं डोकं कुठून आणावं याबद्दल तीत अवाक्षर नव्हतं.

"उन्हात काय उभे राहिलात? आत या," नणंद म्हणाली.

"प्रार्थनेच्या वेळी सरकारला उंबरठा ओलांडता येत नाही, आजी."

"मग सरकारला राहू दे बाहेर. तुम्ही या."

अठरा वर्षांच्या नोकरीत हा मुद्दा कुणी काढला नव्हता. त्याने छातीवरचा बिल्ला काढून बाहेर खिडकीच्या कट्ट्यावर ठेवला आणि आत जाऊन यजमानांच्या खुर्चीत बसला. आधी त्याला बदलीचा अर्ज आठवला, मग दुखरा गुडघा, आणि मग, बऱ्याच वर्षांनी, आई. नणंदेने समोर बघतच त्याच्याकडे रुमाल सरकवला. भावजयीने तो मध्येच अडवून स्वतःचा, धुतलेला, पुढे केला. आणि तरीही दोघी भांडल्या नाहीत.

तास संपल्यावर त्याने बाहेर येऊन बिल्ला लावला आणि तक्त्यात लिहिलं: तीन.

कार्यालयात साहेबांनी तक्ता डोळ्यांजवळ धरला. "तिसरा कोण?"

"एक गृहस्थ. आत बसले होते."

"त्या पंथाचेच ना?"

"ते विचारायला राज्यघटनेची मनाई आहे, साहेब."

साहेबांनी त्याच्या लालसर डोळ्यांकडे पाहिलं. "स्वतःला विचारायलासुद्धा?"

"मी सरकारी माणूस. मला कुणालाच विचारता येत नाही."

टेबलावरचे तिन्ही फोन वाजत होते. दारात दोन शिष्टमंडळं एकमेकांवर खेकसत होती. साहेबांनी सही केली, शिक्का मारला, तरी तक्ता काही हातातून सोडला नाही.

"तासभर कुणीच काही बोललं नाही?"

"कुणीच नाही."

"अरे," साहेबांनी आवाज खाली आणला, "वेळ काय असते त्यांची?"