एका पायातला जोडा

"हा उघडा पाय पाहिलात?" संग्रहालयाच्या बाईंनी भिंग जुनी चित्रं दुरुस्त करणाऱ्या डागडुजीकाकांच्या हाती दिलं. "एका पायात जोडा, दुसरा उघडा. म्हणजे मूल गेल्यावर काढलेलं चित्र; गेलेलं मूल तेव्हा असंच दाखवत. आणि बोटं बघा. असा पाय काढणारा त्या काळात एकच चित्रकार. उद्या चित्राखालच्या पाटीवर त्याचं नाव लागेल."

लहान मुलाचं ते जुनं चित्र तळहाताएवढं. काकांनी भिंगातून पाहिल्यासारखं केलं. तो पाय त्यांनीच काढला होता, बावीस वर्षांपूर्वी. ओलीनं नेमका तेवढाच कोपरा खाल्ला होता. जोडा काही केल्या जमेना आणि घरी चार वर्षांची लेक एक जोडा भिरकावून हुंदडत होती, म्हणून तिचाच पाय उतरवला. दुरुस्तीच्या वहीत नोंद मात्र आज करू, उद्या करू म्हणता राहून गेली.

दुपारी काकांचा जीव थाऱ्यावर नव्हता. चहा गार झाला. चष्मा डोक्यावर असताना टेबलाखाली शोधून झाला. अळीमिळी गुपचिळी करून बसलं असतं तर कुणाचं काय बिघडणार होतं? चित्राचा मान वाढत होता, निवृत्तीला चार महिने उरले होते. पण पाटीवर लिहिणार ‘मृत बालक’, आणि पाय त्यांच्या धडधाकट लेकीचा. ते काही गळ्याखाली उतरेना. शेवटी ते उठले आणि बाईंच्या टेबलासमोर जाऊन उभे राहिले.

"बाई, तो पाय माझा आहे."

"काय?"

"म्हणजे माझ्या लेकीचा. मी काढलाय."

सगळं ऐकून बाई खुर्चीत मागे टेकल्या. तीन महिन्यांचा अभ्यास पाण्यात गेला होता.

"नोंद का नाही केलीत?"

"चुकलं."

"मग पाटीवर ‘चित्रकार अज्ञात’च लिहावं लागेल. आणि नोंद नसलेला रंग ठेवता येत नाही, काका. तुम्हीच शिकवलंत मला."

"काढतो. पण मीच काढणार. दुसऱ्या कुणाचा हात नको."

ओल्या कापसानं आधी टाच गेली, मग अंगठा. काकांना रडू आलं नाही, राग आला, स्वतःच्या आळसाचा. करंगळीपाशी हात अडला. त्यांनी लेकीला फोन लावला.

"काय हो बाबा, या वेळी?"

"काही नाही गं. जेवलीस?"

"कधीच. का हो?"

"सहज."

फोन ठेवून त्यांनी नवा कापूस घेतला.