शेवटची चिठ्ठी

"पंच्याण्णव टक्के काम झालं!" प्रयोगशाळेच्या साहेबांनी हॉस्पिटलात येऊन सांगितलं, आणि इतके दिवस देव पाण्यात घालून बसलेल्या वहिनीला रडूच कोसळलं.

दादाच्या पायात शिरलेले जंतू बाजारातल्या कुठल्याच औषधाला दाद देईनात. मग धाकट्या बहिणीच्याच प्रयोगशाळेने नवं मिश्रण करायला घेतलं. घटक वीस. रोज सकाळी डब्यातून एक चिठ्ठी काढायची, निघेल तो घटक बदलायचा. दुसऱ्या दिवशी जास्त जंतू मेले तर बदल ठेवायचा, नाहीतर मागे फिरायचं. चिठ्ठी पुन्हा डब्यात, कारण आज फसलेला बदल उद्या लागूही पडतो. कारभार आंधळाच, पण चालत होता.

बहीण मात्र मनात दिवस मोजत होती. तिचं डोकंच मेलं हिशेबी. सुरुवातीला निम्म्या चिठ्ठ्या उपयोगी होत्या, दिवसाआड यश मिळायचं. आता विसांत एकच उरली होती. म्हणजे सरासरी वीस दिवस. आणि सर्जन म्हणत होते, पाय ठेवला तर माणूस फार तर चार दिवस. चार दिवसांत ती चिठ्ठी निघण्याची शक्यता पाचांत एकही नव्हती.

"पाय कापू द्या," ती म्हणाली.

"अगं, तुझंच औषध ना ते?" वहिनी किंचाळली. "गवंड्याचा पाय कापायला निघालीस? उद्या परांचीवर काय तू चढणार आहेस?"

"वहिनी, थोडंच उरलंय, पण तेच सगळ्यात जास्त वेळ खाणार. वाट बघत बसलो तर दादाच हातचा जाईल."

दादा छताकडे बघत पडला होता. "हिचं गणित शाळेपासून कधी चुकलं नाही," तो म्हणाला. "कापा."

पाय गेला. दुसऱ्या दिवशी ती कामावर गेली, चिठ्ठी काढली, घटक बदलला. त्याच्या पुढच्या सकाळी काचेच्या बशीत एकही जंतू जिवंत नव्हता. साहेबांनी टाळ्या वाजवल्या. तिने तिथेच पुन्हा सगळे आकडे मांडून पाहिले. हिशेब कुठेच चुकला नव्हता, हेच तिला सोसवेना.

खोटं बोलायचं ठरवूनच ती हॉस्पिटलात गेली.

"सापडलं का गं?" दादाने विचारलं.

तोंडून खरं तेच निघालं. "सापडलं, दादा. आज."

वहिनी पांघरूण सारखं करत होती, पाय नव्हता तिथलंसुद्धा. मान वर न करता नवऱ्याला म्हणाली, "तुमच्या बहिणीला सांगा, उद्यापासून येऊ नको म्हणावं."

दादा पुन्हा छताकडे बघू लागला.