डब्यात सगळेच गप बसतात

हे लिहायचं नाही असंच जवळजवळ ठरलं होतं. साप पाळायच्या आमच्या छंदात माणसं मोजकी, सगळे सगळ्यांना ओळखतात, आणि वेसल हे वाचणार. वाचू दे.

गेर्बेन नेदरलँड्समधल्या एन्स्खेडे गावाजवळ आईच्या घरी राहतो. दिवसा सायकली दुरुस्त करतो आणि माळ्यावरच्या खोलीत बॉल पायथन, म्हणजे छोटे बिनविषारी अजगर, पाळतो. चार माद्या, नर एकही नाही. नर उसना आणायचा. त्याबद्दल नराच्या मालकाला पिल्लांतली पहिली निवड, मग आळीपाळीनं एकेक. आमच्यात हे असंच चालतं, कागद वगैरे कुणी करत नाही.

यंदा नर वेसलचा. वेसल गेर्बेनचा शाळेपासूनचा दोस्त. नर स्पायडर वाणाचा, म्हणजे अंगभर कोळ्याच्या जाळ्यासारखी काळी नक्षी. लोक वेडे होतात त्या नक्षीवर. पण तिच्यासोबत डोक्यात एक खोट येते. साप डुलतो, तोल जातो, कुणाचा कमी, कुणाचा जास्त. गेर्बेनला हे माहीत होतं. वेसलनं नर दाखवला तो साप विकायच्या मेळ्यात, छोट्या डब्यात, वेटोळं घालून पडलेला. "किंचित डुलतो, बाकी काही नाही," म्हणाला. गेर्बेनलाही नक्षी हवी होती, त्यानं मान डोलावली. ही चूक त्याची, ती तो कुणावर ढकलत नाही.

पाच अंडी आली, दोन महिने पेटीत उबवली. चार पिल्लं आईसारखी साधी तपकिरी. एक नक्षीचं.

शनिवारी दुपारी वेसल निवडायला आला. रविवारी मेळा होता.

"हे बघ आधी," गेर्बेन म्हणाला आणि फ्रीजरमधलं, गरम पाण्यात सैल केलेलं मेलेलं उंदराचं पिल्लू चिमट्यात धरलं. नक्षीचं पिल्लू झेपावलं ते थेट डब्याच्या भिंतीवर. पुन्हा झेपावलं, पुन्हा हुकलं. मग मान पिळत गेली, डोकं उलटं झालं, आणि ते तसंच छताकडे बघत राहिलं.

"भूक नसेल त्याला."

"भूक आहे म्हणून तर झेपावतंय. काल अकरा वेळा हुकलं, व्हिडिओ काढलाय. शेवटी उंदीर तोंडाशी धरला तेव्हा घेतला."

"घेतला ना? मग झालं. उद्या एक मुलगी येतेय याच्यासाठी. तिचा पहिलाच साप. फोटो बघून खूश आहे एकदम."

"तिला हे सांगितलंस?"

"डब्यात सगळेच गप बसतात, गेर. कोण बघतंय?"

"मलाही डब्यातच दाखवला होतास."

"तू काय कुकुलं बाळ होतास? तुला सगळं माहीत होतं."

"होतं. म्हणूनच आता हे पिल्लू असं जाऊ देत नाही."

"पहिली निवड माझी आहे. ठरलंय तसं."

"तुझीच आहे, घे खुशाल. पण उद्या माझं टेबल तुझ्या शेजारी. कालचा व्हिडिओ मोबाइलवर दिवसभर लावणार. वर पाटी, बाप वेसलचा, आई माझी."

"धमकी देतोस मला?"

"हो."

खालून गेर्बेनची आई ओरडली, "कॉफी गार होतेय. साप भांडतायत की तुम्ही?"

"आम्हीच, काकू," वेसल म्हणाला. "साप शहाणे आहेत."

दोघांनाही हसू आलं, पण गेर्बेननं डब्यावरचा हात काढला नाही. "बाकीची चारही ने. माझ्या वाटणीची पण. सरळ बघतात, नीट खातात. तिला त्यातलं एक दे."

"चारही? तुला काय राहिलं मग?"

"हेच."

"हे विकता येणार नाही, याची जोडी लावता येणार नाही. तीस वर्षं जगेल हे, येड्या. पंचावन्नचा होशील तू."

"होईन की. तसाही होणारच आहे."

वेसलनं त्या उलट्या डोक्याकडे बघितलं. मग चार डबे पिशवीत भरले. कॉफी न पिताच निघाला. दारात जोडे घालताना, वर न बघता त्यानं विचारलं, "आणि माझा नर? यंदा आणखी दोघांनी मागितलाय."

"तुला तो नकोसा होईल तेव्हा इथे आण," गेर्बेन म्हणाला. "काही विचारणार नाही, एक पैसा मागणार नाही, मरेपर्यंत सांभाळीन. शब्द देतो. आणि तोपर्यंत तू ज्याला ज्याला तो उसना देशील, त्याला तो व्हिडिओ माझ्याकडून आधी पोचलेला असेल. हाही शब्दच समज."